चित्रबोध, बालकांतील

चित्रबोध, बालकांतील : चित्र ही स्वतः एक वस्तू असून शिवाय ती दुसऱ्या वस्तूचे प्रतीक असते, या दुहेरी स्वरूपाचे बालकास होणारे आकलन. चित्रातील वस्तू ओळखणे व चित्राचे प्रतीकत्व उमगणे या दोन भिन्न पायऱ्या होत.

कोमेनिअसचा ऑर्बिस पिक्टस (१६५८) हा सचित्र बालग्रंथांपैकी आद्य मानला जातो. तथापि चित्रबोधाचा प्रायोगिक अभ्यास विसाव्या शतकातील आहे. चित्रांची नावे कधीही न शिकविलेले सु. १९ महिन्यांचे बालक परिचित वस्तूंची रेखाचित्रे ओळखू शकते, असे जूलियन हॉकबर्ग व व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी १९६२ मध्ये दाखविले. ओळख अशी शिकवणुकीवाचून होत असली, तरी प्रतीकबोध सावकाश येतो. ज्यूडी डीलोच व सहकारी यांच्या १९९८ मधील अभ्यासात नऊ महिन्यांची बालके चित्रातील वस्तू हाताने उचलू पाहत, तर १९ महिन्यांची तिच्याकडे बोट दाखवीत. खोलीच्या चित्रावरून लपविलेले खेळणे शोधणे दोन वर्षांच्या बालकांना सहसा जमत नाही. अडीच वर्षांच्या बालकांना ते बहुधा जमते.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. जयसिंगपूर हे गावही त्यांनी त्याच वर्षी वसविले. शालापूर्व बालक मात्र त्या आदेशाच्या कक्षेबाहेर होते. ग्रामीण महाराष्ट्रात या वयाकडे लक्ष वेधले, ते ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी, बोर्डी (१९४५) व पुढे कोसबाड (१९५७) येथील कार्याने. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी पाने, बिया, शंखशिंपले अशा परिसरातील वस्तू बालकांच्या हाती दिल्या. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेनंतर अंगणवाड्या सर्वत्र पसरल्या व चित्रतक्ते खेड्यांतील बालकांपुढे आले.

कॅनडा, पेरू व भारत येथील बालकांच्या तौलनिक अभ्यासात (२०११) चित्रांचा सराव असलेल्या कॅनडातील बालकांत चित्रबोध लवकर आढळला. यावरून घरात पुस्तक नसलेल्या बालकाची बुद्धी केवळ चित्रांवरून मोजणे अन्यायाचे ठरते. ऊस व बैल प्रत्यक्ष जाणणारे मूल चित्रापाशी अडखळले, तर उणीव बुद्धीची नसून सरावाची असू शकते. वस्तू व तिचे चित्र शेजारी ठेवून मोठ्यांनी नाव उच्चारणे, हा तो सराव देण्याचा सोपा मार्ग होय.