उजेडात जंतू ओळखण्याची कुळकथा

परळी वैजनाथच्या एखाद्या रुग्णाच्या जखमेतला पू तपासायचा, तर नमुना पंचवीसेक किलोमीटरवरच्या अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नेता येतो. तिथे जंतू बशीत पेरायचे, 37 अंश सेल्सिअसला वाढवायचे आणि थांबायचे. नाव कळायला एक-दोन दिवस जातात, आणि तापाने फणफणलेल्या माणसासाठी ते फार असतात.

हा वेळ वाचवू पाहणाऱ्या तंत्राचे मूळ कोलकात्यात आहे. 28 फेब्रुवारी 1928 रोजी चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना दिसले की, पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून बाहेर पडतो. किती बदलेल, हे रेणूंच्या कंपनावर ठरते. म्हणून प्रत्येक पदार्थाचा आलेख निराळा. पण हा अंश इतका क्षीण की, 1960 मध्ये लेसर आल्यावरच तो नीट हाती लागू लागला.

जंतूंवर मात्र रामन यांच्या तंत्राआधी वापरून पाहिला तो अवरक्त प्रकाश, कारण त्यातूनही रेणूंच्या कंपनांचा आलेख मिळतो. 1950च्या दशकातले हे प्रयोग फारसे पुढे गेले नाहीत. उपकरणे अपुरी होती, पण खरी अडचण जंतूंच्या स्वभावात होती. तोच जंतू वेगळ्या अन्नावर, वेगळ्या तापमानात, जास्त तास वाढला की आलेख बदलतो. कर्ब मुबलक आणि नत्र कमी मिळाले, तर काही जंतू पोटात चरबीसारखे कण साठवतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची सोनेरी झाक वाढीच्या उत्तरार्धात गडद होते, आणि हिरव्या लेसरखाली तिच्या रेघा बाकी सगळ्यांवर मात करतात. मग ओळख जंतूची पटली की त्याच्या जेवणाची?

बर्लिनच्या रॉबर्ट कोख संस्थेत डीटर नाउमान यांनी 1990च्या सुमारास यावर शिस्तीचा उपाय काढला: माध्यम, तापमान, तास सगळे पक्के ठरवायचे. मला मात्र येना इथल्या युर्गेन पॉप आणि पेत्रा रोश यांच्या गटाची 2005ची वाट जास्त धीट वाटते. त्यांनी स्टॅफिलोकॉकस मुद्दाम वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवले आणि त्यांचे सगळे रामन-आलेख संगणकाला शिकवले. जी अडचण होती, तीच शिकवणी झाली.

2019 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 30 जंतुप्रकारांवर सरासरी 82 टक्क्यांहून अधिक अचूकता गाठली, आणि कोणते प्रतिजैविक द्यावे हे सांगण्यात 97 टक्के. पण तेही जंतू आधी बशीत वाढवलेलेच होते. रक्तातून किंवा लघवीतून थेट ओळखायचे, तर प्रथिनांच्या आणि क्षारांच्या गर्दीतून जंतूची रेघ वेगळी काढावी लागते, आणि संशोधकांचा झगडा अजून तिथेच चालू आहे.