आधी बिऱ्हाड, मग बाड

भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाचा नायक हा मुळात परमुलखात शिकायला आलेला विद्यार्थी आहे. विदर्भातल्या कुंडिनपूरच्या अमात्याचा हा मुलगा आन्वीक्षिकी, म्हणजे तर्कविद्या, शिकण्यासाठी पद्मावतीला येतो आणि तर्क बाजूला ठेवून प्रेमात पडतो. आठव्या शतकातल्या या नाटकातली पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरच्या दक्षिणेला, सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमावर असलेले आजचे पवाया. तिथे उत्खनन केले ते ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी. तेही एका मराठी माणसानेच.

परमुलखात राहून अभ्यास करणाऱ्यांचे जगणे, हा या प्रस्तावनेचा विषय. ग्रंथ आपण वाचतो, पण ग्रंथकाराचे बिऱ्हाड कुठे होते हे विचारत नाही. तो कुणाच्या ओसरीवर बसला, कुणाच्या घरी जेवला, कोणती भाषा त्याच्या कानावर पडली, यावर त्याला काय सापडले आणि काय निसटले ते ठरते. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्कीने ट्रोब्रियांड बेटांवर गावातच तंबू ठोकला, तेव्हापासून मानववंशशास्त्रात ‘तिथे राहणे’ ही रीतसर अभ्यासपद्धती झाली. आपल्याकडच्या गवयांना मात्र ती आधीपासून ठाऊक होती.

इचलकरंजीजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) ख्यालगायकी शिकायला ग्वाल्हेरला गेले, ते हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे. तेव्हा चीज कागदावर मिळत नसे. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि तो गाईल तेव्हा कान उघडे ठेवायचे, एवढाच मार्ग. पुढे हीच गायकी बुवांनी मिरज-इचलकरंजीला आणली आणि विष्णु दिगंबर पलुस्करांना दिली. ग्वाल्हेरातच याचे उलटे उदाहरणही आहे. हस्सू खाँ आणि त्यांचे भाऊ हद्दू खाँ यांच्या घराण्यातले निसार हुसेन खाँ आपले शिष्य शंकरराव पंडित यांच्या घरी राहिले. इथे शिष्य नव्हे, गुरूच बिऱ्हाडाला आला. मुसलमान उस्ताद आणि ब्राह्मणाचे घर एका छपराखाली नांदले, म्हणून ती विद्या तिथे मुरली.

मग १९१८ साल आले. माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय सुरू झाले. स्वरलिपी आली, क्रमिक पुस्तके आली, तासाची घंटा आली. गुरुगृही न राहता चीज मिळू लागली. यात काय साधले आणि काय सुटले, हा वाद अजून मिटलेला नाही. नव्या अभ्यासकाला इथे भरपूर काम आहे.

सगळीच विद्या मुक्काम मागते असेही नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढणीवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. त्यातला विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा लेख सांगतो, की देवाला २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबाग दिली आणि रोज ५० माळांची सोय केली. त्या २७० आणि ५० मधले इवलेसे गोल शून्य पाहायला आज जगभरचे गणिताचे अभ्यासक येतात. हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात जर्मन पंडित हुल्त्श यांनी प्रसिद्ध केला. शिलालेखाचा ठसा घेतला की तो कुठल्याही टेबलावर वाचता येतो. ख्यालातली जागा अशी उचलून नेता येत नाही.

आज ग्वाल्हेरात येणाऱ्या परदेशी अभ्यासकाची पहिली परीक्षा मात्र ना लेखाची, ना ख्यालाची. ती खोलीची असते. संशोधनाचा व्हिसा हवा, मुक्काम मोठा असेल तर पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कक्षात नाव नोंदवायला हवे, आणि घरात विदेशी पाहुणा ठेवला की घरमालकाने त्याची माहिती २४ तासांच्या आत कळवायची. हे ऐकून कितीतरी घरमालक हात जोडतात. खोली मिळाली की दुसरा धक्का: हिंदी शिकून यावे, तर शिंदेशाहीची कितीतरी कागदपत्रे मोडीत आणि मराठीत. हिंदीपुरता अभ्यासक बाडापर्यंत पोचतो, बाडाच्या आत नाही.

मराठीची खूण रस्त्यावरही आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ दिला. त्या लष्कराचेच पुढे ‘लश्कर’ शहर झाले. सरदारांचे गोट जिथे पडले, त्या वस्त्यांना आजही ‘महाडिक की गोठ’, ‘शितोले साहब की गोठ’ म्हणतात. रिक्षावाला ही नावे सहज उच्चारतो, पण गोट म्हणजे फौजेचा तळ हे त्यांतल्या मराठी शब्दामुळेच उलगडते. चार दिवसांच्या मुक्कामाचा शब्द दोनशे वर्षांचा पत्ता होऊन बसला आहे.

म्हणून या विषयात शिरणाऱ्या वाचकाला एकच सुचवणे आहे. कोणताही संशोधनग्रंथ हाती आला, की आधी ऋणनिर्देश वाचावा. घरमालकीण, दुभाषा, गुरुबंधू, जुने दप्तर सोडून देणारा कारकून हे तिथेच भेटतात, बहुधा एकेका ओळीत. त्या ओळीमागचे बिऱ्हाड शोधायला लागलात, की तुम्ही या अभ्यासात आलातच. या, बसा.