विंचूदंश आणि उलटा ‘टी’ तरंग : सह्याद्री परिसरातील हृद्‌वैद्यकाचे एक प्रकरण

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका ताम्हिणी घाटापाशी संपतो आणि घाट उतरताच रायगड जिल्हा लागतो. भाताची खाचरे, दगडी बांध, पेंढ्याच्या उडव्या, जळणाचे ढीग हे दोन्ही अंगांचे चित्र लाल विंचवाला मानवणारे आहे. विंचू ‘उतरविणारे’ मांत्रिक येथे पिढ्यानपिढ्या होते. हे विष मनुष्याला मारते ते हृदयावाटे, ही गोष्ट मात्र कोकणातील डॉक्टरांच्या लेखनातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होत गेली. त्या इतिहासात हृदयालेखावरील एका लहानशा तरंगाचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे.

हृदयालेखातील तरंगांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे विलेम आइन्थोवन या डच शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये दिली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी ‘टी’ तरंग म्हणजे निलय विद्युत्‌दृष्ट्या पूर्वस्थितीवर येत असल्याची खूण. उत्तेजन निलयाच्या भिंतीत आतून बाहेर पसरते, पूर्वस्थिती मात्र बाहेरून आत येते. त्यामुळे बहुतेक लीडमध्ये हा तरंग सरळ दिसतो. हा क्रम बिघडला की तो उलटतो. बिघाडाची कारणे अनेक : हृदयस्नायूचा अपुरा रक्तपुरवठा, जाड झालेला निलय, मेंदूतील रक्तस्राव, काही औषधे. शिवाय ‘एव्हीआर’ लीडमध्ये तो निरोगी माणसातही उलटाच असतो आणि लहान मुलांच्या छातीवरील उजवीकडच्या लीडमध्ये उलटा तरंग स्वाभाविक मानला जातो. वय न विचारता आलेख वाचणे म्हणूनच धोक्याचे.

१९८२ हे वर्ष या संदर्भात महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी नेदरलँड्समधील हाइन वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिर हृद्‌शूळाच्या १४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २६ जणांच्या आलेखात छातीवरील लीडमध्ये ‘टी’ तरंगाचा विशिष्ट बदल आढळला. त्यांतील शस्त्रक्रिया न झालेल्या १६ जणांपैकी १२ जणांना पुढील काही आठवड्यांत हृदयाच्या अग्रभित्तीचा मोठा झटका आला. येथे उलटा तरंग रोहिणी अरुंद झाल्याची पूर्वसूचना होता.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशावरील निबंध आला. १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांना दंश झालेले रुग्ण वारंवार दिसत होते. उलट्या, भरपूर घाम, गार पडलेले हातपाय अशी लक्षणे प्रथम दिसत आणि नंतर फुप्फुसात पाणी भरून रुग्ण दगावे. ही आरंभीची लक्षणेच हृदयावरील संकटाची चाहूल होत, हे त्या निबंधाचे प्रतिपादन. रुग्णांत शेतमजूर होते, मुले होती. ज्यांच्या रोहिणीविकाराची शंकाही घेऊ नये, असेच बहुतेक. तरीही अशा रुग्णांच्या हृदयालेखात वर चढलेला ‘एसटी’ भाग, टोकदार किंवा उलटे ‘टी’ तरंग आढळतात. रोहिणी मोकळी, पण विषामुळे शरीरात उसळलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांनी स्नायू भाजून निघालेला, असा हा प्रकार.

या आकलनातूनच उपचार सुचला. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहक रोखणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध बावस्करांनी वापरात आणले. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतात २५ ते ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १९८४ नंतर १ टक्क्याच्या खाली आल्याचे त्यांनी नोंदविले आहे. तोंडावाटे दिली जाणारी गोळी आरोग्य केंद्रातही देता येते, ही बाब औषधाच्या गुणाइतकीच निर्णायक ठरली. पुढे २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८ जण.

विष उतरल्यावरही ‘टी’ तरंग काही दिवस उलटा राहू शकतो. घाटमाथ्यावरून शहरातील रुग्णालयात आणलेल्या अशा रुग्णाच्या केसपेपरवर दंशाची वेळ लिहिलेली नसेल, तर तोच आलेख हृदयविकाराच्या झटक्याचा म्हणून वाचला जातो.