कानांची इंग्रजी

आमचे आजोबा फायनल गुरुजी. व्हर्नाक्युलर फायनल झालं की मास्तरकी मिळायची, तो काळ. इंग्रजी त्यांनी कंदिलाच्या उजेडात, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर स्वतःच केली. गावात कुणाकडे तार आली की माणसं आमच्या ओटीवर यायची.

मग तारापूरला अणुवीज केंद्र आलं. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला आणि पाठोपाठ गोरे इंजिनिअर दिसू लागले. आजी सांगायची, त्यांतल्या एकानं जीप थांबवून रस्ता विचारला. पोरांनी धावत जाऊन गुरुजींना आणलं, तर त्यांना त्याच्या बोलण्यातलं अक्षर कळेना. शेवटी त्यांनी वही पुढे केली. साहेबानं प्रश्न लिहिला, आजोबांनी वळणदार अक्षरात उत्तर लिहून दिलं. गावाला केवढं कौतुक! रात्री जेवताना मात्र ते आजीला म्हणाले, “माझी इंग्रजी डोळ्यांची आहे गं. पोरीला कानांची मिळू दे.”

म्हणून आत्या मुंबईला बी.एड.ला गेली, इंग्रजीची मेथड घेऊन. भाषांतर तेव्हा मागे पडलं होतं. आधी वस्तू दाखवा, वाक्य ऐकवा, म्हणवून घ्या, लिहिणं सगळ्यांत शेवटी. सराव पाठासाठी ती घरून पिशवीत शिंपले, जाळ्याचा तुकडा, ताडगोळे घेऊन जायची. पद्धत विलायतेची म्हणून शिकवली, पण आत्याला ती ओळखीची वाटली. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वारली पोरांना बिया-शिंपल्यांनीच तर शिकवत होत्या.

मुख्यमंत्री खेरांच्या काळात आठवीला सुरू होणारी इंग्रजी पुढे पाचवीला आली आणि २००० साली थेट पहिलीला. आत्याला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. पहिलीचं पोर घरी वारली बोलतं, शाळेत मराठी ऐकतं. त्याच्या कानाला तिसरी भाषा लावणारा शिक्षक कसलेला हवा. तो घडवायचा तर अध्यापक विद्यालयं भरलेली हवीत. एकेकाळी डी.एड.च्या प्रवेश यादीत नाव लागलं की घरात पेढे यायचे. मग मे २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली, २०१३ला टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या नेमणुका उजाडायला २०१९ लागलं. तोवर अध्यापक विद्यालयांतले कितीतरी वर्ग ओस पडले होते.

माझी मुलगी इंग्रजीत एम.ए. आहे. बोईसरच्या एमआयडीसीत निर्यातीची कागदपत्रं बघते. आत्याआजीनं बी.एड.चा विषय काढला की ती हिशेब मांडते: दोन वर्षं फी, परीक्षा, भरतीची वाट, मग तीन वर्षं शिक्षण सेवक, १८ हजार मानधनावर. तिला मी काय सांगू? तिचा हिशेब चोख आहे. बोईसरच्या गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या पाट्या आहेत. इंग्रजी सगळ्यांना हवी. पण ती शिकवायला शिकणाऱ्याची पाच वर्षं आपण अशी अधांतरी ठेवली, याचा मला मनापासून राग येतो.

दिवाळीत आत्यानं माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. आत पुठ्ठ्याची होडी, पिवळी पडलेली पाठटाचणं, शिंपले. ऐंशीच्या घरातली आत्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि शिंपला उंच धरून तिनं पहिला पाठ सुरू केला, अगदी सावकाश. मुलीच्या हातातला फोन वाजत होता. तिनं तो उलटा ठेवला आणि आत्याच्या मागून ते वाक्य म्हटलं.