एका नदीचीं अनेक शास्त्रें

पर्यावरणाच्या पदवीसाठीं बसणाऱ्या विद्यार्थ्यास वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगोल, कायदा, अर्थशास्त्र अशा अनेक शास्त्रांचे उंबरे झिजवावे लागतात. ‘अशानें धड एकही विषय पदरीं पडणार नाहीं,’ ही वडील मंडळींची काळजी अगदींच अनाठायीं आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हें सारें आजकालचें परदेशी खूळ आहे, असा जो दुसरा आक्षेप घेण्यांत येतो, त्यास मुंबई विद्यापीठाचा इतिहासच उत्तर देतो.

1919 सालीं या विद्यापीठानें समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग उघडला आणि त्याची धुरा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताकडे सोंपविली. हे गृहस्थ टॉमस हक्स्ले यांचे विद्यार्थी, आणि डंडी येथें सुमारें तीस वर्षें वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक! त्यांची एक आवडती आकृति होती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीचें खोरें उभें कापून पाहावें, म्हणजे वर खाणकरी व लांकूडतोडे, उतारावर मेंढपाळ, सपाटीवर शेतकरी आणि मुखाशीं कोळी, असा सारा संसार एका दृष्टिक्षेपांत येतो. स्थळ, उद्योग आणि लोक हीं एकमेकांपासून तोडलीं कीं तिन्ही कळेनाशीं होतात, हें त्यांचें सूत्र.

1924 मध्यें गेडिस विद्यापीठ सोडून गेले व विभाग डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांजकडे आला. घुर्ये मूळचे संस्कृतज्ञ. जातिसंस्थेवरील त्यांचा 1932 चा ग्रंथ आणि त्यांची शिष्यपरंपरा (इरावती कर्वे त्यांतल्याच) यांचें मोल कोण नाकारील? पण विभागाचें तोंड ग्रंथांकडे व जातींकडे वळलें. नदी व रान दाराबाहेर राहिलीं.

गेडिस यांची आकृति प्रत्यक्ष पाहण्यास उपनगरवासीयांनीं दूर जावयास नको. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या डोंगरांच्या कुशींत विहार तलाव आहे. शहरास पाणी पुरविण्यासाठीं तो 1860 सालीं पुरा झाला. विहार व पवई यांच्या सांडव्यांचें पाणी घेऊन मिठी नदी निघते, आणि मरोळ, विमानतळ, कुर्ला असा जेमतेम 18 किलोमीटरांचा प्रवास करून माहीमच्या खाडीस मिळते. एवढ्याशा वाटेंत जंगल, कारखाने, झोपड्या, कांदळवन आणि कोळीवाडा! विमानतळापाशीं तिला वळविण्यांत आलें. मुखाजवळ पाणथळींत भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभें राहिलें. धरण बांधणाऱ्यास स्थापत्य उत्तम येत होतें, संकुल आंखणाऱ्यास नगररचना येत होती. नदी मात्र कोणाच्याच अभ्यासक्रमांत नव्हती.

26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास 75 मिलिमीटरही नव्हता. पाऊस एवढा कां पडला, हें हवामानशास्त्र सांगेल. पण पाणी कुर्ल्यांत कां तुंबलें, हें सांगण्यास भरतीचें गणित, कांदळवनाची वनस्पतिविद्या, जमिनीचे भाव आणि नदीकांठीं राहण्यावांचून गत्यंतर नसलेल्या कुटुंबांची कहाणी, इतक्या साऱ्यांस एका पंक्तीस बसवावें लागतें.

एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरण शिकविण्याचा आदेश 1991 मध्येंच दिला होता. पदवीच्या वर्गांत सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम येण्यास पुढें बारा-एक वर्षें लागलीं. त्यांत ओझोनपासून लोकसंख्येपर्यंत सर्व कांहीं आहे, आणि आम्हांस खटकतें तें हेंच. दहा शास्त्रांचे धडे एका पुस्तकांत शिवले म्हणून तीं एकमेकांशीं बोलूं लागत नाहींत. परीक्षेपुरतीं शेजारीं बसतात, इतकेंच. विद्यार्थ्यापुढें एखादें ठिकाण नसेल, तर पूर्ण पदवींतही हा दोष तसाच राहील.

घाटकोपर-अंधेरीच्या विद्यार्थ्यानें तीन वर्षें एक मिठीच घ्यावी, असें आम्ही सुचवूं. मग त्यास एक नदी तरी धड येईल. पहिल्या वर्षीं विहारापासून माहीमपर्यंत ठिकठिकाणीं पाण्यांतील प्राणवायु मोजावा. दुसऱ्या वर्षीं किनाऱ्याविषयींची 1991 ची अधिसूचना नकाशावर आंखून पाहावी. तिसऱ्या वर्षीं माहीमच्या कोळ्यांस विचारावें कीं, जाळ्यांत पूर्वीं काय येत असे. तोंडी परीक्षेस रसायन, कायदा व इतिहास यांचे प्राध्यापक एकाच बांकावर बसावेत, आणि साधल्यास तो बांक नदीकांठींच मांडावा.