दहा मिलिमीटरचे सैन्य

टेबलावर लढाया खेळण्यासाठी रंगवलेले काल्पनिक सैनिक ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी बहुधा 28 मिलिमीटरच्या आसपासचे पाहिले असतील. 1983 साली इंग्लंडमध्ये आलेल्या वॉरहॅमरमधले ऑर्क, एल्फ आणि बुटके साधारण याच मापाचे. या मापात शिपायाच्या डोळ्यातली बाहुलीही रंगवता येते, आणि हौशी लोक ती रंगवतात. पण असे वीस शिपाई उभे करून त्यांना रेजिमेंट म्हणायचे असते. परेडवर पूर्ण बटालियन उभी पाहिलेल्या माणसाला ते पचत नाही. निदान मला तरी नाही.

त्याच गेम्स वर्कशॉप कंपनीने 2000 साली वॉरमास्टर काढला. रचनाकार रिक प्रीस्टली, शिपाई 10 मिलिमीटरचे. पाच शिपाई एका पट्टीत ओतलेले, अशा दोन पट्ट्या 40 बाय 20 मिलिमीटरच्या तळावर आणि असे तीन तळ मिळून पायदळाची एक तुकडी. म्हणजे तीस शिपाई 12 सेंटिमीटरच्या आघाडीवर मावतात. संपूर्ण सैन्य मिठाईच्या दोन डब्यांत बसते, आणि दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंका बांधणाऱ्या आमच्यासारख्यांना ही सोय लहान नाही.

लढाईत राक्षस आणि चेटके आणण्याची कल्पना वॉरहॅमरच्या आधीची. 1971 साली अमेरिकेत निघालेल्या चेनमेल या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तकाला शेवटी एक काल्पनिक पुरवणी जोडली होती, आणि लोकांना मूळ पुस्तकापेक्षा ती पुरवणीच जास्त आवडली. लहान मापाचे सैन्य मात्र त्याहून फार जुने आहे, आणि त्याची सर्वांत मोठी कथा एका लष्करी अधिकाऱ्याचीच आहे.

1830 साली ब्रिटिश सैन्यातल्या विल्यम सायबॉर्न या लेफ्टनंटला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती बनवायचे काम मिळाले. तो स्वतः त्या लढाईत नव्हता. त्याने रणभूमीवरच्या ला हे सांत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकून जमिनीची मोजणी केली. मग हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली : 18 जून 1815 च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कुठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर कोण होते, शेतात पीक कोणते होते? उत्तरे शेकड्यांनी आली. एखाद्या लढाईचा इतिहास लिहिण्यासाठी भाग घेतलेल्यांना अशी पद्धतशीर प्रश्नावली पाठवण्याचे हे फार आरंभीचे उदाहरण. 1833 मध्ये सरकारने पैसे थांबवले. सायबॉर्नने कर्ज काढून काम चालू ठेवले आणि 1838 साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली. प्रवेश एक शिलिंग. सत्तर हजारांहून जास्त शिपाई, उंची सुमारे 10 मिलिमीटर, प्रत्येक रंगवलेला.

पत्रांवरून सायबॉर्नने प्रशियाची फौज बरीच पुढे आलेली, नेपोलियनच्या उजव्या बगलेला भिडलेली दाखवली होती. वेलिंग्टनच्या गोटाला हे रुचले नाही, कारण त्यातून विजयात प्रशियाचा वाटा मोठा दिसत होता. शेवटी सायबॉर्नने प्रशियाचे सुमारे 40,000 शिपाई प्रतिकृतीवरून काढले. दबावाखाली काढले की पुरावा पुन्हा तपासून, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. एवढे करूनही कर्ज काही फिटले नाही. 1849 मध्ये तो वारला. ती प्रतिकृती आता लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, काढलेल्या शिपायांविना.

मला यातली गंमत अशी वाटते की वाद एकाही शिपायाच्या चेहऱ्यावरून किंवा गणवेशावरून झाला नाही. वाद झाला ठिपके कुठे ठेवले यावरून. शिपाई दहा मिलिमीटरचा झाला की त्याचा माणूस उरत नाही, तो नकाशावरची खूण होतो, आणि खुणेची जागा ही साक्ष असते. आपल्याकडे सँड मॉडेलवर ब्रीफिंग दिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. रंगीत भुश्शाची टेकडी वाकडी असली तरी चालते. शेजारच्या कंपनीचा झेंडा चार बोटे इकडे-तिकडे झाला की मागच्या रांगेतून हात वर होतो.

रंगवण्याची रीतही याच न्यायाने बदलते. मोठ्या मापातले कौशल्य इथे निरुपयोगी, किंबहुना अडथळाच. मी पट्टी आइस्क्रीमच्या काडीला चिकटवतो, काळा प्रायमर देतो आणि एकेक रंग सगळ्या तुकडीला एका बैठकीत देऊन टाकतो : आधी सगळे अंगरखे, मग सगळ्या ढाली, मग सगळे भाले. रंग खऱ्यापेक्षा एक-दोन छटा उजळ घ्यावा लागतो, कारण एवढ्या लहान वस्तूवर गडद रंग हातभर अंतरावरून काळाच दिसतो. मग पातळ तपकिरी वॉश, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर उजळ रंगाचा हात. चेहरा म्हणजे कातडीच्या रंगाचा एक ठिपका. मेहनत घ्यायची ती निशाणांवर आणि तळाच्या रंगावर, कारण पलीकडच्या खुर्चीवरून तेवढेच ओळखू येते. दाट धुरात फौजा एकमेकींना निशाणावरून आणि कोटाच्या रंगावरूनच ओळखत, तेव्हा यात फार काही खोटे नाही.

वॉरमास्टरचे नियमही याच उंचीवरून लिहिलेले आहेत. तुकडी आपोआप पुढे सरकत नाही. सेनापतीने हुकूम द्यायचा, दोन फासे टाकायचे, आणि बेरीज त्याच्या अधिकाराच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तरच तुकडी हलते. सेनापती दूर असेल तर आकडा घटतो, शत्रू जवळ असेल तर घटतो, त्याच तुकडीला दुसऱ्यांदा हुकूम दिला तर आणखी घटतो. सेनापतीचाच हुकूम फसला तर त्या पाळीतले सगळे हुकूम संपले. उत्तम घोडदळ टेकडीमागे ताटकळत उभे, आणि डावी बगल डोळ्यांदेखत कोसळते आहे, हे या खेळात नेहमीचे. ज्याने रेडिओवर तिसऱ्यांदा तोच कॉल साइन पुकारून उत्तर ऐकलेले नाही, त्याला हा नियम कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पुढे कंपनीने वॉरमास्टर बंद केला. जगभरचे हौशी लोक आता थ्री-डी प्रिंटरवर नव्या फौजा काढतात. माझ्याकडे सध्या ऑर्कांच्या चौदा तुकड्या आहेत, पैकी नऊ रंगवून झाल्या. त्या कुठेही मांडल्या तरी कुणा ड्यूकच्या गोटातून पत्र येत नाही.