‘पीतपिंड-दोष’ : एका निदानाचा इतिहास

वंध्यत्वाची तक्रार घेऊन दोन तज्ज्ञांकडे गेलेल्या दांपत्यास दोन निराळे सल्ले मिळाले, तर त्यांपैकी एक वैद्य अज्ञ असलाच पाहिजे असे नव्हे. पुष्कळदा मतभेदाचे मूळ निदानाच्या इतिहासात असते. ‘ल्युटिअल फेज डिफेक्ट’, मराठीत ‘पीतपिंड-दोष’, हे निदान या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

अंडमोचनानंतर अंडाशयात पीतपिंड तयार होतो व त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवते. गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यास सिद्ध होते ते या स्रावामुळे. तो अपुरा पडल्याने वंध्यत्व येऊ शकते, हा विचार बाल्टिमोरच्या डॉ. जॉर्जियाना सीगर जोन्स यांनी १९४९ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी नॉयस, हर्टिग व रॉक यांनी अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो चक्राच्या कितव्या दिवसाचा हे ओळखण्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. तर्काला मोजपट्टी मिळाली. परंतु ती सर्वांच्या हाती सारखी राहिली नाही. अस्तर दोन दिवस मागे असले की कोणी दोष मानी, कोणी त्याहून अधिक अंतर मागे; कोणी एका चक्रावर निर्णय देई, कोणी दोन चक्रांत तोच प्रकार आढळल्याखेरीज देत नसे. तुकडा काढण्याची वेदना मात्र प्रत्येक वेळी स्त्रीलाच सोसावी लागे.

जननक्षम स्त्रियांशी विस्तृत प्रमाणावर तुलना झाली ती २००४ मध्ये. अस्तर ‘मागे’ असणे हे अपत्यवती स्त्रियांतही वंध्य स्त्रियांइतकेच सर्रास आढळले. अर्धशतकभर जो दोष म्हणून वाचला गेला, तो बहुधा निसर्गाचा सामान्य चढउतार होता. अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने पुढे या निदानासाठी विश्वसनीय अशी एकही कसोटी नसल्याचे नमूद केले. तिच्या लेखनात ‘डिफेक्ट’च्या जागी ‘डेफिशिअन्सी’ आले, हेही लक्षणीय. दोष व्यक्तीला चिकटतो. न्यूनता भरून निघू शकते.

तथापि प्रोजेस्टेरॉन बाद झाले नाही. शरीरबाह्य फलनात औषधांनी अंडाशय उद्दीपित केल्यामुळे पीतपिंडाचे कार्य खरोखरच खालावते, आणि तेथे हे औषध देण्याबाबत फारसा वाद नाही. नैसर्गिक चक्रात तेच देणाऱ्या वैद्याच्या मनात १९४९ चा तर्क असतो, नाकारणाऱ्याच्या मनात २००४ ची तुलना. रुग्णास मात्र दोघांकडून औषधाचे नाव एकच ऐकू येते.